व्याही, वाफा आणि विद्यापीठ

शेतीचा सल्ला फुकट वाटायचा आणि वर लोकांनी तो ऐकावा अशी अपेक्षा ठेवायची, हा आचरट विचार अमेरिकेनं थेट कायद्यात घालून ठेवला आहे. ८ मे १९१४ रोजी अध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी स्मिथ-लिव्हर कायद्यावर सही केली आणि राज्याराज्यातल्या कृषी विद्यापीठांच्या गळ्यात एक काम पडलं : प्रयोगशाळेत जे काही शिकलात ते कुंपणाबाहेर जाऊन लोकांना सांगा. खर्च केंद्र, राज्य आणि काउंटी यांनी वाटून घ्यायचा. काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा, फक्त पालकमंत्र्याविना.

या कामाला म्हणतात कृषी विस्तार. माझे व्याही या विस्तारात उभी हयात घालवून निवृत्त झाले आहेत. अर्थात तिकडच्या नव्हे, सांगली जिल्ह्यातल्या.

एका उन्हाळ्यात आम्ही दोघं न्यू जर्सीत एका छपराखाली आलो. मुलगा माझा, लेक त्यांची, घर बँकेचं. व्हिजिटर व्हिसावर आलेल्या निवृत्त मराठी पुरुषाला अमेरिकेत दोनच कामं असतात. कचऱ्याचे डबे रस्त्यापर्यंत नेणं, आणि रिकामे झाले की परत आणणं. आम्ही दोघं असल्यामुळे एकेक वाटून घेतलं होतं. उरलेल्या वेळात व्याही खिडकीतून लॉनकडे बघायचे आणि दर पाच मिनिटांनी म्हणायचे, “किती जमीन पडीक ठेवलीय या लोकांनी.”

शेवटी सूनबाईनं गावातल्या सामुदायिक बागेत एक तुकडा मिळवला. त्यासाठी तिनं आदल्या वर्षीच यादीत नाव घातलं होतं, वर्षाची फी भरली होती आणि दोन पानी नियमावलीवर सही केली होती. तुकडा वीस फूट बाय वीस फूट. सगळ्या बागेभोवती मिळून आठ फूट उंच जाळी, कारण जर्सीतली हरणं सहा फुटांची जाळी सहज ओलांडतात. व्याह्यांनी पावलांनी मापून पाहिलं, गुंठ्याचे १,०८९ चौरस फूट मनात आणले, आणि जाहीर केलं, “गुंठ्याचा तिसरा हिस्सा. थोडा जास्त. कूळकायद्यात बसत नाही.”

खरी अडचण पुढे होती. व्याह्यांच्या डोक्यातल्या सगळ्या शिफारशी हेक्टरी आहेत. भेंडीला हेक्टरी वीस टन शेणखत आणि शंभर किलो नत्र, हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं. पण वाफ्याला किती, हे त्यांना तीस-पस्तीस वर्षांत कोणी विचारलंच नव्हतं. स्वयंपाकघरातल्या टेबलावर कागद पसरून त्यांनी गणित मांडलं. शेणखत निघालं साधारण पाऊण क्विंटल, नत्र पावणेचारशे ग्रॅमच्या आसपास. इकडच्या विद्यापीठाच्या पत्रकात मात्र हेक्टर हा प्रकारच नाही. तिथे सगळं ‘हजार चौरस फुटांना अमुक पौंड’ आणि ‘गॅलनला दोन चमचे’. एकर तेवढा ओळखीचा निघाला. चाळीस गुंठ्यांचा एकर अमेरिकेतही तेवढाच भरतो हे कळल्यावर त्यांना परदेशात गाववाला भेटल्याचा आनंद झाला.

शेणखत आणायला आम्ही मोठ्या दुकानात गेलो. चाळीस पौंडांची प्लास्टिकची पिशवी, वर गाईचा हसरा फोटो. चार पिशव्या घेतल्या. शेणाची पावती मिळाली आणि पावतीमागे, माल न आवडल्यास परत आणण्याची मुदतही छापलेली होती. व्याह्यांनी ती पावती पाकिटात जपून ठेवली आहे. सांगलीत कोणी विश्वास ठेवणार नाही म्हणून.

बियाण्याचं वेगळंच. “बाबा, बॅगेत एक बी सुद्धा आणायचं नाही, विमानतळावर पकडतात,” अशी ताकीद लेकीनं आधीच दिली होती. त्यामुळे परभणी क्रांती मागे राहिली. परभणीच्या कृषी विद्यापीठानं काढलेला हा भेंडीचा वाण. पानं पिवळी पाडणाऱ्या केवडा रोगाला दाद न देणारा. व्याही त्याच्याबद्दल बोलताना आवाज खाली आणतात. इथे दुकानात मिळाली ‘क्लेमसन स्पाइनलेस’. पाकीट उलटसुलट करून वाचलं, तर तीही साउथ कॅरोलायनातल्या क्लेमसन या कृषी विद्यापीठाचीच. व्याही जरा निवळले. “सरकारी वाण आहे,” म्हणाले. “बियाणं कंपनीपेक्षा बरं.” त्यांच्या जगात प्राणिमात्रांचे दोनच वर्ग आहेत, विद्यापीठाचे आणि कंपनीचे.

इथवर सगळं ठीक होतं. मग सूनबाईनं आम्हाला विद्यापीठाच्या विस्तार केंद्रातर्फे होणाऱ्या मोफत वर्गाला नेऊन बसवलं.

न्यू जर्सीचं हे विद्यापीठ म्हणजे रटगर्स. १८६२ साली लिंकननं मॉरिल कायदा केला. राज्यांना सरकारी जमिनी द्यायच्या, त्या विकून आलेल्या पैशातून शेती आणि यंत्रविद्या शिकवणारी कॉलेजं चालवायची. न्यू जर्सीत हा मान प्रिन्स्टनलाही हवा होता, पण १८६४ मध्ये तो रटगर्सला मिळाला. प्रिन्स्टनचं पुढे फारसं अडलं नाही. रटगर्सनं मात्र मातीला हात घातला आणि तो इतका खोल घातला की १९४३ मध्ये सेल्मन वाक्समन यांच्या प्रयोगशाळेत स्ट्रेप्टोमायसिन सापडलं. ज्या जंतूपासून ते निघालं त्याचं एक वाण भरपूर शेणखत घातलेल्या मातीतलं होतं. क्षयरोगाचं औषध शेणखतात निघालं ही बातमी मी व्याह्यांना उत्साहानं सांगितली. ते म्हणाले, “निघणारच. हेक्टरी वीस टन घातलं असणार.”

आपल्याकडची कृषी विद्यापीठं याच नमुन्यावर उभी राहिली. १९६० मध्ये पंतनगर, मग महाराष्ट्रात राहुरी, अकोला, परभणी, दापोली. त्यामुळे वर्गात बसल्यावर व्याह्यांना परकं असं काही वाटलं नाही. तोच मांडव, त्याच प्लास्टिकच्या खुर्च्या, तेच घडीपत्रिकांचे गठ्ठे. आणि आपल्या कृषी मेळाव्यात सगळ्यात लांब रांग जशी फुकट कापडी पिशवीच्या स्टॉलपुढे असते, तशी ती इथेही होती. व्याह्यांनी दोन मिळवल्या.

विषय होता माती. शिकवणाऱ्या बाई शेतीतज्ज्ञ नव्हत्या. सगळी नोकरी विमा कंपनीत काढून निवृत्त झालेल्या, गळ्यात विद्यापीठाचा बिल्ला घातलेल्या स्वयंसेविका होत्या. इथे त्यांना मास्टर गार्डनर म्हणतात. त्यांनी मातीचा नमुना कसा घ्यायचा ते सांगितलं : दहा-बारा ठिकाणी सहा इंच खोल खणा, माती एकत्र करा, दोन कप पिशवीत भरून पोस्टानं प्रयोगशाळेकडे पाठवा. व्याही पहिल्या रांगेत. त्यांनी हात वर केला आणि नागमोडी चाल, इंग्रजी व्ही आकाराचा खड्डा, ढिगाचे चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकून देणं, अर्धा किलो उरेपर्यंत हेच करत राहणं, असा सगळा पाठ उभ्यानं म्हणून दाखवला. वर्गानं टाळ्या वाजवल्या. सरकारी सेवेत त्यांना या पाठासाठी कोणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. तिथून पुढे त्यांना आवरणं अवघड झालं.

आणि मग ती घटना घडली. मागच्या रांगेतल्या कोणी तरी विचारलं, माझ्या झुकिनीची पानं कडेनं वाळताहेत, काय असेल? बाईंनी क्षणभर विचार केला आणि स्वच्छ आवाजात म्हणाल्या, “मला माहीत नाही. बघून सांगते.” वहीत प्रश्न लिहून घेतला, त्या माणसाचा फोन नंबर घेतला आणि पुढे गेल्या.

व्याही माझ्याकडे वळले. चेहरा पडलेला. “माईकवरून म्हणाली,” ते कुजबुजले.

“काय?”

“माहीत नाही म्हणून. माईकवरून. आमच्याकडे भर मेळाव्यात असं कोणी बोललं असतं तर पेपरला आलं असतं. मंत्री बसलेले असतात समोर.”

नंतर चौकशी केली तेव्हा कळलं की हा त्या बाईंचा विनय नव्हता. प्रशिक्षणच तसं असतं. या सगळ्या प्रकाराचा उगम वॉशिंग्टन राज्यातला. १९७० नंतरच्या त्या वर्षांत सिॲटल आणि टॅकोमा भागात शहरी लोकांना बागकामाचं वेड लागलं आणि विद्यापीठाच्या विस्तार अधिकाऱ्यांचे फोन दिवसभर वाजू लागले. गुलाबाला काय झालं, लॉन पिवळं का पडलं, टोमॅटोवर हे काय बसलंय. अधिकारी मूठभर, प्रश्न शहरभर. तेव्हा कोणाच्या तरी डोक्यात आलं की शहरातल्याच हौशी लोकांना शिकवावं आणि फीऐवजी त्यांच्याकडून कामाचे तास घ्यावेत. विद्यापीठातल्या तज्ज्ञांना हे पटेना. हौशी माणसं आपल्या नावानं भलतंच सांगतील ही भीती. १९७२ मध्ये टॅकोमाच्या एका मॉलमध्ये टेबल मांडून चाचणी घेतली, तर लोकांची झुंबड उडाली. १९७३ पासून रीतसर वर्ग सुरू झाले आणि पुढे ही टूम देशभर पसरली. आजही हिशोब तोच आहे. विद्यापीठ शिकवणार, तुम्ही तितके तास फोनवर, मेळाव्यात, सार्वजनिक बागेत विनामोबदला राबणार. बिल्ला टिकवायचा तर दरवर्षी पुन्हा तास भरायचे. आणि उत्तर ठाऊक नसेल तर तसं सांगायचं, विद्यापीठाचं पत्रक शोधायचं, मगच तोंड उघडायचं.

मला या योजनेचं फार कौतुक वाटतं. साठी उलटल्यावर माणसाला सल्ला देण्याची जी खाज सुटते, तिचा असा सार्वजनिक उपयोग जगात दुसऱ्या कोणी केल्याचं ऐकिवात नाही. आपल्याकडे ही सगळी ऊर्जा कट्ट्यावर, लग्नाच्या हॉलमध्ये आणि व्हॉट्सॲपवर वाया जाते. पण महाराष्ट्रात ही योजना चालेल का, याबद्दल शंका आहे. वर्ग भरेल, तास भरतील, बिल्ल्यासाठी भांडणं होतील. अडेल ते त्या एका वाक्यापाशी.

व्याह्यांचंच बघा. संध्याकाळी आम्ही फिरायला निघालो असताना एका गाडीवाल्यानं काच खाली करून त्यांना पोस्ट ऑफिसचा रस्ता विचारला. व्याह्यांनी इथलं पोस्ट ऑफिस बाहेरूनही पाहिलेलं नव्हतं. तरी त्यांनी दोन डावी वळणं, एक उजवं आणि एक पेट्रोल पंप इतका तपशील दिला. गाडी गेल्यावर मी विचारलं, “हे कुठून आलं?” ते म्हणाले, “माणूस थांबून विचारतोय, त्याला रिकाम्या हातानं कसं पाठवायचं?”

त्यांची सवय समजून घ्यायची तर त्यांची नोकरी माहीत हवी. ते खात्यात रुजू झाले त्या काळात जागतिक बँकेच्या पैशावर ‘प्रशिक्षण आणि भेट’ ही पद्धत जोरात होती. डॅनियल बेनॉर या इस्रायली तज्ज्ञानं ती रचली होती. पंधरवड्यातून एकदा कर्मचाऱ्याला शिकवायचं. मग त्यानं ठरलेल्या वारी, ठरलेल्या गावी, ठरलेल्या ‘संपर्क शेतकऱ्या’ला तेच शिकवायचं. आणि संपर्क शेतकऱ्यानं ते गावभर करायचं. कागदावर या पद्धतीत काही खोट नव्हती. वार आधीच ठरलेला असल्यामुळे त्या दिवशी तालुक्याला निघून जाणं संपर्क शेतकऱ्याला सोपं जायचं, एवढंच. “संपर्क शेतकरी सोडून अख्खं गाव भेटायचं,” असं व्याही सांगतात. आणि त्या अख्ख्या गावाला काही ना काही उत्तर द्यावंच लागायचं, कारण पुढची भेट पंधरा दिवसांनी.

त्या विमावाल्या बाईंशी मात्र त्यांची गट्टी जमली, आणि ती जमवली कार्व्हरनं. चहाच्या सुट्टीत व्याह्यांनी सहज विषय काढला, तर बाईंना जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर म्हणजे शेंगदाण्याचं लोणी शोधणारा गृहस्थ एवढंच ठाऊक. ते लोणी त्यानं शोधलेलं नाही हे व्याह्यांनी आधी सांगितलं. मग १९०६ ची जेसप वॅगन सांगितली. टस्कीगीच्या संस्थेतून घोडागाडीत नांगर, बियाणं आणि अवजारं भरून अलाबामाच्या खेड्यापाड्यांत जाणारी शाळा. विस्ताराचा कायदा व्हायच्या आठ वर्षं आधीची. मग १९१६ ची पुस्तिका सांगितली, भुईमूग कसा पिकवावा आणि १०५ तऱ्हांनी कसा खावा. बाई थक्क. हे सगळं तुम्हाला कसं माहीत? आता १९८१ पासून महाराष्ट्रातल्या प्रत्येक हुशार मुलाला, बऱ्याच मध्यम मुलांना आणि निवृत्त होणाऱ्या बहुतेक शिक्षकांना वीणा गवाणकरांचं ‘एक होता कार्व्हर’ बक्षीस मिळत आलं आहे, हे त्या बाईंना कसं समजवायचं? व्याह्यांनी छाती पुढे काढून एवढंच म्हटलं, “आमच्याकडे सगळ्यांना माहीत असतं.” यावेळी ते खोटं नव्हतं.

जुलैत मातीचा अहवाल आला. सामू ६.५, उत्तम. स्फुरद गरजेपेक्षा बराच जास्त; शेणखत घालू नये. जुन्या बागांत वर्षानुवर्षं खत ओतल्यानं असं होतं, असं खाली लिहिलेलं. चार पिशव्या घालून महिना लोटला होता. मी व्याह्यांकडे पाहिलं. त्यांनी तारीख तपासली. “नमुना शेणखत घालायच्या आधी घेतलेला आहे,” ते शांतपणे म्हणाले. “म्हणजे हा अहवाल आता जुना झाला.” अहवालाची घडी घालून त्यांनी ती शेणाच्या पावतीशेजारी ठेवली.

किडींच्या बाबतीत त्यांना धक्काच बसला. आपल्याकडे शिकवतात की कीड आर्थिक नुकसानीच्या पातळीवर पोचेपर्यंत फवारणी करू नये. झाडं मोजा, किडे मोजा, सरासरी काढा. इथे एक ठिपक्यांचा तुडतुड्यासारखा किडा आहे, स्पॉटेड लँटर्नफ्लाय. आशियातून आला, २०१४ मध्ये शेजारच्या पेनसिल्व्हेनियात पहिल्यांदा दिसला आणि मग जर्सीत घुसला. दिसायला देखणा, आतले पंख लालभडक. त्याच्याबाबत सरकारची अधिकृत शिफारस अशी की दिसला की पायाखाली चिरडा. ना सरासरी, ना पातळी. सूटबूट घातलेली माणसं बँकेतून बाहेर पडताना मध्येच थांबून एका पायावर नाचताना दिसतात, ती या शिफारशीची अंमलबजावणी. व्याह्यांनी ही पद्धत मन लावून आत्मसात केली. पण रात्री जेवताना म्हणाले, “हेक्टरी किती पाय लागतील याचा काही विचार केलेला दिसत नाही.”

दुसरा शत्रू ग्राउंडहॉग. आपल्या घुशीला अनुकंपा तत्त्वावर सरकारी नोकरी लागली आणि अंगावर मांस चढलं, तर जे दिसेल ते. २ फेब्रुवारीला पेनसिल्व्हेनियात याच प्राण्याला टोपीवाले लोक उचलून धरतात आणि हिवाळा किती उरला ते त्याला विचारतात. जूनमध्ये तोच प्राणी जाळीखालून बीळ काढून चवळीची अख्खी ओळ खातो. बागेच्या समितीत त्याच्याबद्दल दोन तट होते. एक पिंजरा लावा म्हणणारा आणि एक त्यालाही जगायचा हक्क आहे म्हणणारा. दुसऱ्या तटात बहुतेक फुलझाडंवाले होते.

आता त्या समितीबद्दल. सामुदायिक बाग कशी सुरू करावी यावरची इथली मार्गदर्शक पत्रकं वाचली तर कळतं की मातीला हात लावायच्या आधी समिती नेमायची, नियम लिहायचे, पाण्याचं बिल कोण भरणार ते ठरवायचं. बी पेरणं बरंच खाली येतं. आमच्या बागेत दर महिन्याला पाहणी होई. ऑगस्टच्या पाहणीनंतर सूनबाईला ईमेल आली. भाषा अत्यंत गोड, पहिल्या वाक्यात आभार, दुसऱ्यात शुभेच्छा, तिसऱ्यात इशारा. आपल्या तुकड्यात तण फार माजलं आहे, दोन आठवड्यांत काढावं, नाही तर तुकडा यादीतल्या पुढच्या माणसाला जाईल. सोबत तीन तणांचे फोटो आणि विद्यापीठाच्या तणविषयक पानांचे दुवे.

व्याह्यांनी फोटो बघितले आणि खुर्चीतून उठले. पहिला फोटो घोळीचा. दुसरा चाकवताचा. तिसरा माठाच्या भावकीतला. “ही तणं?” त्यांचा आवाज चढला. “याच्यासाठी मंडईत दहा रुपयांना जुडी घेतो आपण!” त्यांनी भेंडीच्या ओळींतून घोळ मुद्दाम राखली होती. चाकवताला तर पाणीही घालत होते. वर विद्यापीठाच्या पानावर छापलेलं की ही तणं हातानं उपटावीत किंवा आच्छादनाखाली गाडावीत. विहिणबाई तेव्हा ओट्यापाशी चाकवताच्याच ताकातल्या भाजीला फोडणी देत होत्या.

पुढचे काही दिवस घरात सिंचन घोटाळ्यावर व्हावी तशी चर्चा झाली. मुलाचं म्हणणं, बाबा, उपटून टाका, नियम म्हणजे नियम. सूनबाईचं म्हणणं, उपटा पण घरी घेऊन या. व्याही लेखी उत्तर देण्याच्या तयारीत. मसुद्याची सुरुवात ‘उपरोक्त विषयास अनुसरून’ अशी झाली होती, ती इंग्रजीत कशी आणायची यावर घोडं अडलं. मी गप्प बसलो होतो, कारण दोन व्याह्यांनी एकाच प्रश्नावर मत देऊ नये हा सर्वात जुना आंतरराष्ट्रीय करार आहे.

तोडगा विमावाल्या बाईंनी काढला. त्यांनी समितीच्या कोणाशी तरी बोलून सांगितलं की ओळीत लावलेलं आणि नावाची पाटी असलेलं झाड पीक समजतात. बस. व्याह्यांनी त्याच संध्याकाळी घोळीचे दोन वाफे दोरी धरून सरळ केले, मधली झाडं काढली, आणि आइस्क्रीमच्या काड्यांवर मार्करनं नावं लिहून खोचली. पुढच्या पाहणीत समितीनं ‘नीटनेटका तुकडा’ असा शेरा दिला. झाडं तीच, माती तीच. मला आपल्याकडचे कितीतरी लोक आठवले, पाटी लागल्यावर ज्यांची गणना बदलली.

पाट्यांमुळे मात्र गिऱ्हाईक वाढलं. येणारे-जाणारे थांबून विचारू लागले, हे खातात? कसं? शेजारच्या तुकड्यातली एक तरुण मुलगी रोज घोळ खुडून सॅलडमध्ये घालू लागली. बदल्यात तिच्याकडून झुकिन्या येत. ऑगस्टात अमेरिकेत कोणी कोणाला झुकिनी देतो ते प्रेमानं की सुटका म्हणून, हे सांगणं अवघड. ८ ऑगस्ट हा शेजाऱ्याच्या दारात गुपचूप झुकिनी ठेवून पळायचा दिवस म्हणून थट्टेनं पाळतातसुद्धा. आमच्याकडे त्या झुकिन्यांची थालिपीठं झाली, कोशिंबीर झाली, दुधीच्या हलव्याच्या नावाखाली हलवा झाला. मग मुलानं पाठीमागच्या दाराला कडी लावायला सुरुवात केली.

आणि अळू. एका कोपऱ्यात व्याह्यांनी इंडियन स्टोअरमधून आणलेले अळकुडीचे कांदे लावले होते. पानं हातभर झाली तेव्हा बागेतल्या एका आजींनी विचारलं, हे काय? वडी करून खातो, असं कळताच त्यांचे डोळे विस्फारले. त्यांच्या घरापुढे शोभेसाठी लावलेली हुबेहूब अशीच पानं होती, एलिफंट इअर नावाची. तीही खाता येतील का? व्याही तोंड उघडणार, इतक्यात त्यांची लेक त्यांच्यापुढे आली आणि आजींना म्हणाली, विद्यापीठाच्या हेल्पलाइनला विचारा. आजींनी फोन केला. पलीकडून तेच आलं : माहीत नाही, बघून सांगतो. दोन दिवसांनी उत्तर आलं, पानाचा फोटो मागवून, बारा ओळींचं. सारांश असा की एलिफंट इअर या नावाखाली अनेक झाडं विकतात, त्यांतल्या काहींनी घशाला भयंकर खाज आणि सूज येते, नेमकी ओळख पटल्याखेरीज खाऊ नये.

व्याह्यांनी ते वाचलं आणि बराच वेळ चष्म्याची काच पुसत राहिले. “बरोबर आहे,” शेवटी म्हणाले. “खाजरा अळू वेगळा, वडीचा वेगळा. देठ बघून कळतं. हे मी तिथल्या तिथं सांगितलं असतं.” मग जरा थांबून, “पण त्यांचं अळू मी बघितलं नव्हतं, हे खरं.” माझ्या अनुभवात ते त्या वाक्याच्या इतक्या जवळ पुन्हा आलेले नाहीत.

ऑक्टोबरात पहिली थंडी पडायच्या आधीच आम्ही सगळे आपापल्या गावी परतलो. जाण्याआधी व्याह्यांनी सूनबाईला पंधरवड्याचा कार्यक्रम आखून दिला. एक आड एक गुरुवार, सांगलीत संध्याकाळी साडेसहा, जर्सीत सकाळी नऊ. व्हिडिओ कॉलवर आधी दहा मिनिटं प्रशिक्षण, मग बागेत नेऊन भेट. पुढच्या वसंतात भेंडीच्या रोपांना भोकं पडलेली तिनं दाखवली आणि विचारलं, “बाबा, हे कशानं?” पडद्यावर व्याह्यांचे ओठ हलले, मग आवाज आला, “बघून सांगतो.” अर्ध्या वाक्याला नेटवर्क गेलं होतं, आधी ते काहीतरी म्हणाले असणार, असं सूनबाईचं मत आहे. मी त्यांना जास्त ओळखतो.

पुढचा गुरुवार आला तेव्हा व्याह्यांचा फोन माझ्याकडे पुण्याला आला. अर्धा तास जर्सीला लावताहेत, कोणी उचलत नाही, तुम्हाला काही कल्पना आहे का? मी मुलाला मेसेज केला. सूनबाई नेमकी त्याच वेळी कॉस्टकोला गेली होती.